कॅमेरा आहे, पण हात पुढे होत नाही

या महिन्याच्या टपालात फोटोग्राफीचा छंद असलेल्या वाचकांची पत्रं बरीच आली. कोणता कॅमेरा घ्यावा, असं विचारणारे त्यांत थोडेच. बहुतेकांकडे कॅमेरा आहे आणि तो चांगलाही आहे. अडलंय ते वेळेत, शरीरात, मनात आणि घरात. त्यातली काही पत्रं निवडून उत्तरं देतो आहे. पहिल्या पत्रात अनेकांच्या अडचणी एकत्र आल्या आहेत, म्हणून त्याला जागा जास्त.

प्रश्न : मी बँकेत नोकरीला आहे, वय ५२. हौसेने कॅमेरा घेतला. सुरुवातीला दर रविवारी बाहेर पडायचो, आता तो महिनोन्महिने कपाटात असतो. रविवारी घरची कामं निघतात. बाहेर पडलोच, तर अनोळखी माणसासमोर कॅमेरा धरायचा धीर होत नाही. त्यात अलीकडे फोटो धूसर येतात. हात थरथरतो की डोळे कमी झाले, कळत नाही. नोकरी सांभाळून हा छंद टिकवणारे लोक हे सगळं कसं जमवतात? (एक वाचक, सातारा)

उत्तर : धूसर फोटोंचं आधी बघू, कारण ते सगळ्यात लवकर मिटण्यासारखं आहे. कॅमेरा टेबलावर पुस्तकांच्या आधाराने ठेवा, भिंतीवरच्या कालनिर्णयावर फोकस करा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि फोटो काढा. मग तोच फोटो कॅमेरा हातात धरून काढा. दोन्ही संगणकावर मोठे करून बघा. तिथींची बारीक अक्षरं पहिल्या फोटोत स्वच्छ आणि दुसऱ्यात फिसकटलेली असतील, तर लेन्स ठीक आहे, हात हलतो आहे. दोन्ही फोटो स्वच्छ आहेत, पण व्ह्यूफाइंडरमधून बघताना सगळं पुसट दिसतं, तर प्रश्न डोळ्यांचा. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक छोटी चकती असते, ती आपल्या नंबरानुसार फिरवायची असते. कित्येकांनी कॅमेरा घेतल्यापासून तिला हातही लावलेला नसतो. ती फिरवताना समोरच्या दृश्याकडे बघू नका, चौकटीच्या आत दिसणाऱ्या रेषा आणि आकडे बघा. ते कोरीव दिसले की थांबा. चष्मा लावून फोटो काढत असाल, तर हेही चष्मा लावूनच करा.

हात हलत असेल, तर शटरचा वेग वाढवणं हा पहिला उपाय. जुना ठोकताळा असा, की लेन्स ५० मिलिमीटरची असेल तर शटर १/५० सेकंदापेक्षा हळू नको. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तेच १/८० धरा. हा ठोकताळा स्थिर हातांसाठी आहे. तुम्ही सरळ १/२५० वर जा. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो मागाहून सावरता येत नाही. डावा तळवा लेन्सखाली, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, पाठ खांबाला किंवा दाराच्या चौकटीला, आणि श्वास सोडता सोडता बटण हळू दाबायचं. मोनोपॉड घेतलात तर आणखी सोपं. मात्र ही थरथर नवी असेल आणि चहाचा कप धरतानाही जाणवत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडमुळे किंवा एखाद्या औषधामुळेही असं होतं आणि त्यावर उपचार आहेत.

आता वेळ. नोकरी करत फोटो काढणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली, तेव्हा तिच्यात भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. ते पेशाने वैद्य होते. लाला दीनदयाळ इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर होते, तिथेच १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला. त्या काळी काच, रसायनं आणि अंधारी खोली एवढा सगळा संसार सांभाळावा लागे. तरीही ही माणसं कामातून वेळ काढत होती.

तुमचा रविवार हातचा जातो, पण त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. कामं उरकून तुम्ही बाहेर पडत असाल तेव्हा अकरा वाजलेले असणार आणि ती वेळ आपल्याकडे फोटोसाठी सर्वांत वाईट. मे महिन्यात तर भरदुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो, माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि रंग पांढुरके होतात. चांगला उजेड सकाळी असतो. पण परदेशी पुस्तकांत वाचून आपण त्याचा हिशोब चुकवतो. लंडनमध्ये सूर्य तिरका चढतो, त्यामुळे कोवळं ऊन बराच वेळ टिकतं. आपण विषुववृत्ताला जवळ, आपल्याकडे सूर्य उभा चढतो. मार्चमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये क्षितिजापासून सहा अंश वर यायला त्याला आपल्याकडे साधारण पंचवीस मिनिटं लागतात, लंडनला जवळजवळ चाळीस. म्हणजे आपल्याला मिळतो तो अर्धा तास. तो बँक उघडण्याच्या कितीतरी आधीचा आहे आणि रोज आहे. आठवड्यातून दोन सकाळी तो घ्या, रविवार घराला द्या.

अर्ध्या तासात कास पठारावर जाता येणार नाही, हे खरं. म्हणून विषय जवळ आणायचा. अडचणींवर मात करणाऱ्या हौशी माणसांचे अनुभव वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. त्यांनी अडचण संपायची वाट पाहिली नाही. अडचणीने जेवढी जागा सोडली, तेवढ्या जागेतच विषय शोधला. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म कोलकात्यातला, १८१५ चा. मुलं मोठी झाली, नवरा दूर श्रीलंकेत मळ्यांवर गेलेला, अशा दिवसांत मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. वय ४८. त्यांनी कोळशाची खोली अंधारखोली केली, कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि घरातल्या कामवाल्या मुली, भाची, शेजारीपाजारी यांना समोर बसवलं. शेजाऱ्यांत कवी टेनिसन होता हे त्यांचं भाग्य, पण त्यांचे किती तरी उत्तम फोटो मेरी हिलियर या घरात काम करणाऱ्या मुलीचे आहेत. फोकस नीट नाही म्हणून तेव्हाच्या जाणकारांनी त्यांना नावं ठेवली होती. आज पोर्ट्रेटचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही.

दुसरं नाव प्रागच्या योसेफ सुडेक यांचं. ते पुस्तकबांधणीचे कारागीर. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी झाले आणि उजवा हात खांद्यापासून काढावा लागला. बांधणीचं काम कायमचं सुटलं, तेव्हा आधी हौसेने केलेली फोटोग्राफी त्यांनी घट्ट धरली. पुढे जड लाकडी कॅमेरे आणि तिपाई एका हाताने वाहून नेत त्यांनी सगळं प्राग टिपलं. नाझींनी शहर ताब्यात घेतल्यावर रस्त्यावर कॅमेरा काढणं धोक्याचं झालं. मग १९४० पासून ते आपल्या लहानशा स्टुडिओची खिडकी टिपू लागले. काचेवरचं दव, ओघळ, बर्फ आणि बाहेरचं एक वाकडं झाड. हे काम १९५४ पर्यंत चाललं. एक खिडकी, चौदा वर्षं. सुडेक म्हटलं की लोकांना ते फोटो आठवतात. तुमच्या गल्लीतला दूधवाला, एसटीची पहिली गाडी, समोरच्या वाड्याची पडत आलेली भिंत यांतलं एक निवडा आणि वर्षभर सोडू नका.

राहिली भीड. तिच्यावर दोन उपाय मला खात्रीचे वाटतात. पहिला कॅमेऱ्याच्या उंचीचा. शिकागोत मुलं सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी आयुष्यभर रस्त्यावरच्या लोकांचे फोटो काढले. लाखाहून जास्त निगेटिव्ह मागे राहिल्या आणि त्यांचं पहिलं गाठोडं २००७ च्या एका लिलावात लोकांपुढे आलं. त्यांचा रोलायफ्लेक्स छातीच्या खाली धरायचा आणि वरून खाली मान घालून बघायचा कॅमेरा. त्यामुळे समोरच्यावर भिंग रोखल्यासारखं होत नसे. आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांचा मागचा पडदा वर उचलता येतो. तो उचला, कॅमेरा कमरेपाशी धरा. पण हा उपाय लपून फोटो काढण्यासाठी वापरू नका. नजरेला नजर मिळाली की हसून विचारा, आणि नको म्हटलं की खाली ठेवा. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना आधी विचारा.

दुसरा उपाय प्रिंटचा, आणि माझ्या मते यापेक्षा मोठा उपाय नाही. मंडईतल्या भाजीवाल्या मावशींचा फोटो काढला, तर लॅबमधून मॅक्सी साइजचा एक प्रिंट काढून पुढच्या आठवड्यात त्यांना नेऊन द्या. खर्च चहाच्या कपाएवढा. त्यानंतर त्या बाजारात तुम्ही अनोळखी राहत नाही. शेजारचा फळवाला स्वतःहून म्हणतो, साहेब, आमचाही काढा. ज्यांना भीड घालवता आली, अशा हौशी लोकांपैकी बहुतेकांनी हाच रस्ता धरलेला मी पाहिला आहे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. एकटी कॅमेरा घेऊन रस्त्यावर उभी राहिले की लोक टक लावून बघतात, कोणी मुद्दाम येऊन चौकशी करतं. घरच्यांनाही ते पसंत नाही. फक्त फुलांचे आणि सूर्यास्ताचेच फोटो काढत राहायचे का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : फुलं आवडत असतील तर जरूर काढा, पण नाइलाज म्हणून नको. होमाई व्यारावाला यांची आठवण तुम्हाला बळ देईल. १९१३ मध्ये नवसारीला जन्म, शिक्षण मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीचे त्यांचे फोटो त्यांच्या पतीच्या नावावर छापून येत, कारण बाई फोटो काढते यावर कोणी भरवसा ठेवत नव्हतं. पुढे दिल्लीत साडी नेसून, सायकलवर कॅमेऱ्याचं ओझं घेऊन त्यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागची सगळी घडामोड टिपली. उतारवयात त्यांनी सांगितलं होतं, की लोक आपल्याला गांभीर्याने घेत नसत आणि त्याचा फायदाच झाला, कारण कोणी अडवत नसे. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

त्या काळाची आणि तुमच्या रस्त्याची बरोबरी मी करत नाही. सुरक्षितता आधी. ठिकाण असं निवडा जिथे तुमच्या असण्याला कारण आहे आणि तिथे बायकांची ये-जा आहे: आठवडी बाजार, देवळाचं पटांगण, शाळेच्या रस्त्यावरची दुकानं. तिथे त्याच वारी, त्याच वेळी जात राहा. लोकांना तुमची सवय होते आणि टक लावणं कमी होतं. सुरुवातीला एखादी मैत्रीण सोबत असू दे, किंवा शहरातल्या फोटोवॉकच्या गटात जा. आणि तुमच्या हातात एक फार मोठी गोष्ट आहे. बायकांचं माजघर, हळदीकुंकू, बाळंतिणीची खोली, पापड लाटणाऱ्या जणींचा घोळका, इथे पुरुष फोटोग्राफरला प्रवेश नाही. ती सगळी दुनिया नीट टिपली गेलेलीच नाही. त्यासाठी तुम्हाला रस्त्यावर उभं राहावंही लागणार नाही.

प्रश्न : सहलीला गेलो की मी फोटोत गुंततो आणि घरचे चिडतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चिडणारच. घरचे उठण्याआधी तुमचे फोटो उरकून घ्या आणि दिवसभर एकच लहान लेन्स जवळ ठेवा. आणखी एक, कॅमेरा अधूनमधून मुलाच्या हातात द्या. बहुतेक हौशी फोटोग्राफरांच्या घरच्या अल्बममध्ये ते स्वतः कुठेच नसतात आणि पुढे सगळ्यांना त्याची चुटपुट लागते. अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंग शेरगिल हे संस्कृत-फारसीचे अभ्यासक आणि पक्के हौशी फोटोग्राफर. त्यांनी पत्नीचे, मुलींचे आणि तितक्याच लक्षपूर्वक स्वतःचे फोटो काढले. आज त्या घराची ओळख आपल्याला त्या फोटोंतूनच होते.

प्रश्न : नव्या लेन्स परवडत नाहीत. जुनी घ्यावी का? कोकणात बुरशीची भीती वाटते. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : जुनी ५० मिलिमीटरची, एफ १.८ लेन्स डोळे मिटून घ्या असं म्हणणार होतो, पण डोळे उघडे ठेवूनच घ्या. मुंबईच्या बोरा बाजारात किंवा कुठेही घेताना लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार सोडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर कितीही स्वस्त असली तरी नको. ती बुरशी काचेवरचा लेपच खाते.

तुमच्याकडे पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ठेवू नका. ती ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर एवढं पुरतं. मीटर ४० ते ५० टक्के दाखवत राहिला पाहिजे. जेलचे निळे खडे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरा. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. बंद पिशवीतच वीसेक मिनिटं राहू द्या, नाहीतर आत-बाहेर पाणी धरतं.

प्रश्न : आम्ही दोघं मिळून पक्ष्यांचे फोटो काढायला जायचो. पत्नी गेली, त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. मुलं म्हणतात, पुन्हा सुरू करा. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मुलांचं म्हणणं प्रेमापोटी आहे, पण घाई करायचं काहीच कारण नाही. ज्या पाणवठ्यावर दोघं जात होता, तिथे आधी जाऊ नका.

एका फोटोग्राफरची गोष्ट सांगतो. आंद्रे केर्तेश हे मूळचे हंगेरीचे. तरुणपणी बुडापेस्टच्या शेअर बाजारात कारकुनी करता करता फोटो काढायला शिकले. पुढे पॅरिसमध्ये नाव झालं, मग न्यूयॉर्कला गेले. १९७७ मध्ये त्यांच्या पत्नी एलिझाबेथ वारल्या, तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते. घराबाहेर जाणंही कमी झालं होतं. त्या काळात त्यांच्या हाती पोलरॉइड कॅमेरा आला. लॅब नको, अंधारखोली नको, फोटो काही मिनिटांत हातात. एका दुकानाच्या काचेआड त्यांना काचेचा एक लहान अर्धपुतळा दिसला. त्याच्या मानेची आणि खांद्यांची ठेवण पत्नीसारखी वाटली, म्हणून तो विकत घेऊन त्यांनी घराच्या खिडकीत ठेवला. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, बदलत्या उजेडात ते त्याचे फोटो काढत राहिले. ते फोटो १९८१ मध्ये पुस्तकरूपाने आले. छोटे, चौकोनी, रंगीत फोटो. एवढ्या मोठ्या कारकिर्दीच्या अखेरीस हे इतकं खासगी काम त्यांनी केलं आणि माझ्या मते ते त्यांच्या उत्तम कामांपैकी आहे.

तुम्हाला हेच करा असं सांगत नाही. पण सुरुवात घरातून होऊ शकते. पत्नीची दुर्बीण, त्यांची टिपणवही, खिडकीत येणारा सकाळचा उजेड. तेही जड वाटलं, तर नवे फोटो बाजूला ठेवा आणि जुने बघायला बसा. दोघांनी काढलेल्या फोटोंतले निवडक प्रिंट काढा. कोणता पक्षी, कुठला पाणवठा, कोणतं वर्ष, आधी कोणाला दिसला, हे मागे लिहून ठेवा. हे तपशील आज फक्त तुमच्याजवळ आहेत आणि मुलांना पुढे ते लागतील. या कामाला मुलांपैकी एकाला शेजारी बसवा. झोप आणि जेवण अनेक आठवडे उडालेलं असेल, तर मात्र एकट्याने सोसू नका, डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : आमच्या गावी माउलींची पालखी मुक्कामाला असते. दरवर्षी मी दिवेघाटात फोटो काढायला जातो. तिथे देशभरातून फोटोग्राफर येतात, मोठमोठ्या लेन्स, ड्रोन. त्यांचे फोटो बघितले की आपण कशाला काढतो, असं वाटतं. (एक वाचक, सासवड)

उत्तर : तुम्हाला हे वाटणं स्वाभाविक आहे, कारण तुम्ही त्यांच्या जागेवर जाऊन उभे राहता. घाटाच्या वळणावरून दिसणारी दिंड्यांची रांग सुंदरच असते, पण तो फोटो आता इतक्यांनी काढला आहे, की त्यात तुम्ही नवं काय घालणार? तिथे लेन्सची लांबी आणि ड्रोनची उंची यांचीच चढाओढ आहे, आणि ती पैशांची आहे.

बाहेरून आलेला फोटोग्राफर एक दिवस थांबतो आणि जातो. तुमच्या घरी किंवा आळीत दिंडी उतरत असेल, तर दरवर्षी तीच माणसं तुमच्या ओसरीवर पाठ टेकतात. पायाला तेल लावणाऱ्या आजी, ट्रकवर स्वयंपाकाची भांडी चढवणारी पोरं, पहाटे नळावरची रांग, वाळत घातलेली धोतरं, रात्री टाळ उशाला घेऊन झोपलेला म्हातारा हे सगळं तुमच्या दारात आहे. संदेश भंडारे यांचे वारीवरचे आणि तमाशावरचे फोटो मिळाले तर बघा. माणसांच्या जवळ राहून, वेळ देऊन काढलेले फोटो किती वेगळे होतात, ते त्यांत दिसतं. तो वेळ विकत घेता येत नाही आणि तुमच्याकडे तो आपोआप आहे.

येत्या आषाढी वारीत घाटात जाऊ नका. घरीच थांबा, चहाचं आधण ठेवा, आणि विचारून, बसून, गप्पा मारत फोटो काढा. ज्यांचे काढाल त्यांची नावं आणि गावं वहीत लिहून घ्या. पुढच्या वर्षी दिंडी आली, की प्रिंट त्यांच्या हातात द्या आणि कोण आलं, कोण आलं नाही, तेही विचारा. असे पाच-सहा मुक्काम झाले, की निवडक फोटो आमच्याकडे पाठवा. आम्हाला ते छापायला आवडेल.